लाँड्रीतला आवाज

३ जुलै

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. दुखऱ्या खांद्याला वेगळा.

बाबांचं कार्ड मिळालं. चारच ओळी होत्या, पण मी त्या वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना वाचून दाखवल्या. इतकी वर्षं इस्पितळाच्या ओल्या चादरींचे गठ्ठे उचलल्यावर तू आता दातांच्या दवाखान्यात बसणार, खुर्चीवर! पेशंटांना वेळ देणार, त्यांना एकेक करून आत सोडणार. आई, माणसानं आयुष्यभर एकच काम करायचं, हे कुणी ठरवलं? आपल्या घरात पदवी मी पहिली मिळवली; पण नवी सुरुवात करणारी पहिली तूच.

बाबा लिहितात, डॉक्टरबाई सप्टेंबरअखेरपर्यंत तुझं काम बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. लाँड्रीच्या मालकांनीही तोवर तुझी जागा राखून ठेवली आहे म्हणे. ती राहू दे राखलेली. तू तिकडे परत जायचं नाहीस. हाडांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरू नकोस: आणखी एक वर्ष ओझी उचललीस तर तो हात निकामी होईल.

पहिल्या दिवसाचं सगळं लिही. कुठली साडी नेसली होतीस तेसुद्धा.

तुझ्यावर माझा लोभ आहेच, तो पुरून उरेल,
बयो

१९ जुलै

चि. बयोस,

पोटभर आशीर्वाद. जेवतेस ना नीट?

तुझं पत्र वाचताना मला कुणी व्यासपीठावर बसवून हार घालतंय असं वाटलं. जरा दमानं घे. साडी निळी होती. खुर्ची गोल फिरते. पहिल्या दिवशी मी एकटी असताना तिच्यावर दोनदा फिरून घेतलं.

फोनवर मी बोलले की तुझ्या खोलीतल्या मुली कानांत बोटं घालतात, म्हणून हे पत्र. आणि त्याच आवाजानं इथे घात केलाय. लाँड्रीत मशिनं सारखी धडधडत असतात. तिथे कुणी हळू बोललं तर ती बाई आजारी आहे किंवा काहीतरी लपवतेय असं समजतात. माझा गळा तसाच बनलाय, त्याला मी काय करू?

मंगळवारी एक गृहस्थ आले. अंगात कोट, केस काळेभोर, तोंड दिसावं असे चकचकीत बूट. बाकावर शेजारच्या बाईंशी त्यांच्या मस्त गप्पा रंगल्या होत्या. मी आतून डबी घेऊन आले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात त्यांना कळवलं की तुमची नवी कवळी तयार आहे, वरची आणि खालची. अख्ख्या दवाखान्यानं माना वळवल्या. दाराबाहेरचा फळवालासुद्धा वळून बघायला लागला. गृहस्थ उठले आणि जुन्याच कवळीनिशी चालते झाले. त्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला होता, हसायला की काय ते कळलं नाही.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की असं पुन्हा झालं तर आपलं जमायचं नाही. पेशंट इथे दात दाखवतात ते विश्वासानं, गावभर व्हायला नाही. खरं आहे गं त्यांचं.

बाबा म्हणाले, घरी सराव कर. काल मी त्यांच्याकडे कुजबुजत मीठ मागितलं. त्यांना वाटलं माझा घसा बसला, ते गरम पाणी घेऊन आले.

आईला विसरू नकोस,
आई

२६ जुलै

ती. आईस,

कुजबुजता नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की शेजारची मुलगी बघायला आली. मग वाईट वाटलं. यात तुझी चूक कुठे आहे? मशिनांनी तुझा आवाज वाढवला, तो एका दिवसात खाली कसा येईल?

तुला न विचारता मी एक काम केलंय. डॉक्टरबाईंना सविस्तर पत्र लिहिलंय, चार पानी. कष्टकरी बायकांचे गळे, कान आणि खांदे यांवर गोंगाटाचा आणि ओझ्यांचा काय परिणाम होतो, श्रमाची प्रतिष्ठा म्हणजे काय, आणि समाजानं अशा बायकांना वेळ देणं का गरजेचं आहे, हे सगळं मुद्देसूद मांडलंय. त्या शिकलेल्या आहेत, समजून घेतील.

सरावासाठी: रोज वर्तमानपत्राचं एक पान गळ्यावर हात ठेवून वाच. हाताला कंप कमी जाणवायला हवा.

तुझी बाजू घेणारी,
बयो

१० ऑगस्ट

चि. बयोस,

आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

अगं कार्टे, चार पानं! डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. तुझं पत्र टेबलावर, त्यावर त्यांचा चष्मा. मला वाटलं, झालं, उद्यापासून पुन्हा चादरी. त्यांनी विचारलं, समाज म्हणजे मीच का? काय सांगणार होते मी? म्हटलं, बाई, मुलगी मनानं चांगली आहे, शिकून थोडी वाढीव झालीय. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी विचारलं की ते जाऊ दे, आवाजाचं तुम्ही स्वतः काय करणार आहात? मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

आता ऐक. तुझं वर्तमानपत्र काही उपयोगाचं नव्हतं. गळ्याला हात लावला की मला खोकलाच येतो. पण लाँड्रीत लांब उभ्या असलेल्या बाईशी बोलायचं तर ओरडूनही पोचत नाही, तेव्हा आम्ही आवाज सोडूनच द्यायचो. नुसते ओठ हलवायचे, थोड्या हाताच्या खुणा. चहा आला, मालक आले, तुझी वेणी सुटली, सगळं कळायचं. हळू बोलणं मला जमत नाही, पण न बोलता बोलणं जमतं.

आता मी काउंटरवरून हाक मारतच नाही. उठून पेशंटजवळ जाते, समोर वाकते आणि ओठांनी सांगते. पहिल्या दिवशी एका आजोबांना वाटलं आपलेच कान गेले, ते घाबरले. पण बाकीच्यांना आवडलं. सुई देऊन तोंड बधिर झालेले पेशंटही माझ्याशी तसंच बोलतात. आमचं छान जमतं.

कवळीवाले गृहस्थ परवा आले. मी जवळ जाऊन गुपचूप डबी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि मान डोलावली. आणि ऐक, त्या रुमालवाल्या बाईही होत्या. त्यांनी बाकावर या गृहस्थांसाठी पिशवी ठेवून जागा धरली होती.

यापुढे डॉक्टरबाईंना पत्र लिहायचं नाही. मला लिही, कितीही पानं.

रागावलेली, पण तुझीच,
आई

१७ सप्टेंबर

ती. आईस,

कान धरून नमस्कार.

सप्टेंबर अर्धा सरला. मला झोप लागत नाहीये. डॉक्टरबाई काही बोलल्या का? तू आधी त्यांना विचार, त्या हो म्हणाल्या तरच लाँड्रीच्या मालकांना नाही कळव. उगाच दोन्हीकडून जायला नको. मी एवढी घाबरट कधीपासून झाले कोण जाणे. तुझ्या खांद्याचा विचार मनात आला की माझे सगळे मुद्दे संपतात.

लगेच उत्तर दे,
बयो

१ ऑक्टोबर

चि. बयोस,

भरभरून आशीर्वाद, आज काहीच मोजलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी नेमकं उलटं करून बसले होते. आधी लाँड्रीत गेले आणि मालकांना सांगून टाकलं की माझी जागा दुसरीला द्या. बाबा आठवडाभर तुझ्यासारखंच म्हणत होते. पण एक पाय तिकडे ठेवून मी डॉक्टरबाईंसमोर उभी राहिले असते, तर त्या नाही म्हणाल्यावर मुकाट्यानं परत गेले असते. मला तेच नको होतं. मशिनं चालू होती, बायकांनी लांबूनच विचारलं, कायमची का? मी मान हलवली. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, डावा.

काल संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हातमोजे काढत म्हणाल्या की कायम तर करतेच, पण सकाळची पाळीही घ्याल का? मी घेते म्हटलं, इतक्या मोठ्यानं की आतला पेशंट खुर्चीत उठून बसला. त्या म्हणाल्या, महिन्यातून एकदा चालेल.

तुला एक सांगितलं नव्हतं. काळजी करत बसली असतीस. गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात मागे जातच नव्हता. रोज सकाळी बाबा माझी वेणी घालायचे. पोतं बांधावं तशी घट्ट घालायचे, डोळे ताणले जायचे, पण घालायचे. आज सकाळी आरशासमोर उभी होते, सहज हात मागे नेला आणि तो गेला. थोडा कुरकुरला, पण गेला. तीन पेड काढले, विणले, शेवटपर्यंत आणले. वळून बघते तर बाबा दारात कंगवा घेऊन उभे, कामावरून काढून टाकल्यासारखा चेहरा करून.

त्यांना म्हटलं, रविवारची तुम्हीच घाला.

तुझी,
आई