भाऊबीजेचा मेंढीकोट

पुसद, २२ नोव्हेंबर १९५८

चि. बाबारावास थोरल्या बहिणीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, करंज्या हाणल्यास आणि मेंढीकोटाच्या एका डावापायी भर बैठकीत तुझ्या भाऊजींना लबाड म्हणून पत्ते भिरकावलेस. तेही कोणासमोर? आमच्या सिंधूला सून करून घ्यायचं ठरवायला आलेल्या दिग्रसच्या सदाशिवरावांसमोर! तू त्यांचा भिडू होतास, म्हणून काय जिंकायची एवढी हाव? तेव्हापासून दिग्रसहून ना होकार ना नकार. मुकुटबनात एवढा मोठा कायदेपंडित राहते, हे सरकारला कळवायला हवं.

लोभ उरला असेल तर उत्तर धाड.

वच्छला

मुकुटबन, २८ नोव्हेंबर

ती. ताईस बाबारावचा शि. सा. न. वि. वि.

कायदा माझा नाही, खेळाचा आहे. बदाम उतरला की हातात बदाम असेतो बदामच टाकावा लागते. नसेल तरच हुकमानं कापायचं. भाऊजींनी हुकूम मारून आमची दहिली, म्हणजे मेंढीच, उचलली, आणि पुढच्याच हाताला चौकट उतरली तर टाकला बदाम! तो काय आभाळातून पडला? हात उलटा पडायच्या आधी चूक सांगितली तर माफ. नंतर डाव गेला, वर कोट चढते. हे आमच्या गोठ्यातल्या बैलालेही ठाऊक आहे. बरं, मी लबाड म्हटल्यावर चुकलं तरी म्हणावं की नाही? गुमान बसून राह्यले. खऱ्या माणसाची जीभ अशी टाळूला चिकटते काय?

राग धरू नये; धरलाच तर नियमानं धरावा.

बाबाराव

पुसद, ५ डिसेंबर

चि. बाबारावास आशीर्वाद. या खेपेला नुसतेच. अनेकही नाहीत, उत्तमही नाहीत.

गुमान का बसलात, हा तुझाच प्रश्न मी यांना केला. बदाम-चौकटीतच घोळ कसा, हेही मनात खुपत होतं. मग काल ओसरीवर भर उजेडात बदामाची सत्ती आणि चौकटीची सत्ती पुढे धरली. दोन्ही चौकटच म्हणाले. अरे, डोळ्यांवर पडदा आला आहे त्यांच्या! पोळ्यापासून पान लाल की काळं एवढंच कळते, आणि मला, बायकोला, वास नाही. तेव्हाच का नाही सांगितलं म्हणून मी भांडले. तर म्हणाले, लबाडाच्या पोरीले सासर भेटते, आंधळ्याच्या पोरीले नाही भेटत; घराण्याचं दुखणं समजून लोक पाय काढतात. म्हणून तुझी शिवी गिळली त्यांनी.

तर पंडितजी, आता दिग्रसला जा आणि काय ते निस्तर. डोळ्यांचं नाव काढायचं नाही. एवढं जमलं तर बहीण समज, नाहीतर आपल्या नियमांच्या पुस्तकाकडून ओवाळून घे.

वच्छला

मुकुटबन, १४ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. हे पत्र भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव.

दिग्रसला गेलतो. वाटभर खोटं घोकलं, की नियम मलेच येत नव्हता, हरायच्या भीतीनं बोंब मारली. सदाशिवरावांनी सारं ऐकलं, सुपारी कातरली आणि म्हणाले की तुले खोटंही धड खेळता येत नाही. भाऊजी पान नाकापाशी नेऊन पाहतात, हे त्यांनी पहिल्याच डावात हेरलं होतं. सदाशिवरावांच्या वडिलांचाही मोतीबिंदू काढलेला. म्हणूनच ते चूक पाहूनही गप्प बसले. परक्याला दिसलं आणि घरच्या माणसाला काहून नाही, हे त्यांनी मले तोंडावर विचारलं.

मग होकार कायले अडला, असं भीत भीत विचारलं. म्हणाले, पोरगी पसंत आहे, बापही पसंत आहे. विचार चालला होता तो मामाचा.

माघात मुहूर्त काढू म्हणतात. त्याआधी मी येऊन भाऊजींना यवतमाळच्या डॉक्टरकडे नेतो. नाही म्हणाले तरी नेतो. लग्नात मामा म्हणून मले सिंधूमागे उभं राहू देणार आहेत, पण मांडवात कुठं पत्ते पिसले तर मी उठून दुसरीकडे जायचं, अशी अट आहे. मी कबूल केली.

लोभाची मागणी कोणत्या तोंडानं करू?

बाबाराव