आधी धाकट्याने बोलायचं

६ मार्च

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईचा नवा चष्मा दोन्ही पोचलं. चष्मा छान बसला आहे. आईची तक्रार एवढीच की आता तिला माझ्या खोलीतली धूळ स्पष्ट दिसते, आणि त्याला तू जबाबदार आहेस.

आता मुद्द्यावर येते. इथून बरंच लांब कर्णबधिर मुलांची एक नवी शाळा निघते आहे. तिथल्या समितीने मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं आहे. मी अर्ज केला होता हे तुला सांगितलं नव्हतं, कारण मिळेल असं वाटलंच नव्हतं. इतकी वर्षं मी एकाच वर्गात, एकाच खिडकीपाशी उभी राहून मुलांना ओठ वाचायला शिकवते आहे. दादा, मला जायचं आहे. पण तिथे राहायला एकच खोली आहे आणि तीही उभा जिना चढून. आईला ते झेपणार नाही. मी गेले तर आई तुझ्याकडे यायला हवी.

म्हणून बाबांची रीत पाळूया. आठवडाभर ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी देवाला विचारायचं, एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आणि शेवटी आधी धाकट्याने बोलायचं. देव हळू बोलतो आणि थोरले मोठ्याने बोलतात, म्हणून थोरल्यांनी मागून बोलावं, असं बाबा म्हणायचे. तेव्हा पुढच्या रविवारी मी लिहीन आणि ते वाचून मग तू लिही. आईला इतक्यात काही सांगत नाही. तिला हल्ली इतकं कमी ऐकू येतं की तिला सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं.

आमच्या पाळकसाहेबांना सहज विचारून पाहिलं. त्यांचं म्हणणं, देवाला जे बोलायचं होतं ते शास्त्रात बोलून झालं आहे, आता आपण ते नीट वाचावं आणि बाकी स्वतःचं डोकं चालवावं. मावशीचं तुला ठाऊकच आहे. तिला परवा पुन्हा स्वप्न पडलं. मामाने आरशाचं कपाट मावशीला द्यावं अशी देवाची इच्छा आहे म्हणे.

वहिनीला सलाम सांग. बोलायचं नसलं तरी या आठवड्यात लोभ चालू ठेवायला हरकत नाही.

तुझी,
छोटी


१० मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

मावशीच्या कपाटावर तुझी वहिनी आणि मी पोट धरून हसलो. मावशीचा देव दर वेळी मावशीच्याच बाजूचा कसा निघतो, हे मला या जन्मात उलगडायचं नाही.

रविवार उजाडायच्या आत दादा लिहायला बसला म्हणून तू नाक मुरडशील. रीत मोडतो आहे हे मला कळतं. पण इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर गप्प बसायचं म्हणजे देवाचाच निरोप अडवून धरायचा, असं मला वाटलं.

काल दुकानात एका बाईंच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवली होती. एक काच काढायची, दुसरी घालायची, आणि ही बरी की ती बरी असं विचारायचं, हे माझं रोजचंच. तेवढ्यात आतून शब्द आला की तिला तिथेच राहू दे. कानाला ऐकू आला नाही, पण त्यात संशयाला जागा नव्हती. पाठोपाठ अशी शांती वाटली की हातातली काच हातातच राहिली. शेवटी बाईंनीच विचारलं की डोळ्यांत काही गंभीर दिसतंय का.

तुमच्या पाळकसाहेबांचं मला पटत नाही. शास्त्राच्या शेवटच्या पानावर देवाचा आवाज बसला असं मी मानत नाही. तो मंडळीच्या तोंडून बोलतो, शांततेत बोलतो, हातात काम असताना मध्येच बोलतो. आणि मी काही मावशी नाही. मला शब्द मिळाला, असं मी आजवर कधी म्हटल्याचं तुला आठवतं का? म्हणून तर विश्वास ठेव. तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं आहे. पण आईला तुझी सवय आहे, तुझ्या वर्गातल्या मुलांनाही आहे, आणि यामागचं कारण पुढे कधीतरी कळेल.

आईला जप. माझ्यावरचा लोभ या पत्राने उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


२१ मार्च

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी जे लिहिणार होते ते लिहिलं नाही. तुला शब्द मिळाल्यावर माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसायचं? मी समितीला नकार कळवला. त्यांनी दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंना नेमलं. हुशार आहेत म्हणतात.

बाकी सगळं नेहमीसारखं आहे. सकाळी धड्याआधी मुलं माझ्या गळ्याला हात लावून आवाज समजून घेतात. सोमवारी सगळ्यांत लहान मुलीने हात लावला, काढला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सर्दी झाल्याची खूण केली.

एक विचारू का? रागावू नकोस. शब्द आला तेव्हा शांती वाटली, असं तू लिहिलंस. मला अजून ती वाटलेली नाही. ज्याच्यासाठी निरोप असतो त्याला ती नंतर मिळते का?

लोभ होता तसाच आहे.

तुझी,
छोटी


२८ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मला जे वाटलं ते शांती नव्हती, छोटी. एखादं काम अंगावरून टळलं की माणूस जसा सैल होतो, तसा मी सैल झालो होतो.

दुकानामागची लांब खोली तुला आठवत असेल. आई आली तर तीच तिला द्यायची. डोळे तपासायला खुर्चीपासून अक्षरांचा तक्ता बराच लांब लागतो. दुकानात तेवढी जागा नाही, म्हणून इतकी वर्षं मी तक्ता आरशात दाखवून भागवतो आहे. तुझं पत्र यायच्या आधीच मी त्या खोलीत फरशीवर खडूने तपासणीच्या खुर्चीची जागा आखली होती. मग तुझं पत्र आलं. मी प्रार्थना केली, गुडघे टेकून केली, त्यात खोटं नाही. पण केली त्याच खोलीत, त्या खडूच्या रेघांच्या आत.

शांतीबद्दल विचारणारं तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझी वहिनी तिथे झाडत होती. तिने झाडू थांबवून विचारलं की आधी खडू की आधी शब्द. मी म्हणालो की शब्द. ती रेघांच्या कडेकडेने झाडत राहिली आणि एकही रेघ पुसू दिली नाही.

मग शुक्रवारी आपले जुने पोस्टमन आले. निवृत्त झाल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि आपली नजर घारीसारखी आहे असं सांगतात. मी चुकून दोन्ही डोळ्यांवर काळी झाकणं ठेवली आणि तक्ता वाचायला सांगितलं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मी हसायला लागलो आणि मध्येच थांबलो. तिला तिथेच राहू दे, हे मलाही पाठच होतं. तुझं पत्र उघडलं तेव्हाच मी ते मनात म्हणालो होतो.

मावशी निदान कपाट मागते. मी आईला खोली नाकारली आणि खाली देवाची सही केली. बाबांनी थोरल्याला मागे का ठेवलं, हे मला या वयात कळावं याची लाज वाटते. तुझं रविवारचं पत्र आधी आलं असतं, तर देवाला विचारूनही तुला जायचंच आहे हे वाचून माझी हे लिहायची छाती झाली नसती. म्हणूनच मी घाई केली, हेही आता मला दिसतं.

गेल्या रविवारी उपासनेत मान वर करून गाता आलं नाही. देव बोलत नाही असं मी आजही म्हणणार नाही. पण मी त्याला बोलू कुठे दिलं? समितीला मी सगळं खरंखरं लिहू का? तू सांगशील ते करीन.

लोभ ठेव असं लिहायचा हक्क उरलेला नाही.

दादा


३ एप्रिल

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू खोली हवी म्हणाला असतास तर आपण भांडलो असतो, तू माझं ऐकलं असतंस किंवा मी तुझं. देवाशी मी कशी भांडणार होते?

समितीला काही लिहू नकोस. ती जागा गेली. पण त्यांना अगदी लहान मुलांच्या वर्गासाठी शिक्षिका हवी होती. मी विचारलं, त्यांनी होकार दिला. त्या हुशार बाईंच्या हाताखाली काम करायचं आहे. जूनपासून जाते आहे.

आता माझं ऐक. शरमेचा सगळा वाटा तू एकट्याने उचलू नकोस. तुझा शब्द मी इतक्या पटकन झेलला, कारण मला जायचंही होतं आणि भीतीही वाटत होती. तुझ्या पत्राआड लपायला मला बरं पडलं. आणि दुसरं त्याहून वाईट आहे. वर्गात मी नव्या शिक्षिकांना पहिल्या दिवशी सांगते की मुलाकडे पाठ करून बोलायचं नाही, आधी खांद्याला हात लावायचा, आपल्या तोंडावर उजेड येऊ द्यायचा. आणि घरी, आईच्या बाबतीत, तिचं पुढचं सगळं आयुष्य मी तिच्या पाठीमागे ठरवत होते.

परवा मी खिडकीकडे तोंड करून बसले, तिच्या खांद्याला हात लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिला सगळं कळलं, एकदाही काय म्हणालीस असं विचारावं लागलं नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की देव दादाशी बोलला, मावशीशी तर कपाटाबद्दलसुद्धा बोलतो, मग गोष्ट जिची होती तिच्याशीच बोलायचं तेवढं राहिलं का. त्या आठवड्यात घरात काहीतरी शिजतंय हे तिला कळलं होतं, कारण मी उगाचच सगळी भांडी घासून चकचकीत केली होती. तिनेही देवाला विचारलं होतं. काहीच उत्तर आलं नाही. तिला वाटलं, आपले कान गेले, आता देवालाही मोठ्याने बोलावं लागत असेल आणि त्याला ते आवडत नसेल. हे सांगताना ती हसली, मला हसता आलं नाही.

तुझ्याकडे यायची तिची तयारी आहे. पण देवाच्या निरोपावर यायची नाही. तुला ती हवी असेल तर तुझ्या नावाने बोलाव, असं तिने सांगितलं आहे.

राग आणि लोभ दोन्ही आहेत. सध्या दोन्हींचा स्वीकार व्हावा.

तुझी,
छोटी


८ एप्रिल

ती. आईस,
स. न. वि. वि.

तुला चष्म्याशिवायही वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. छोटीकडून वाचून घेऊ नकोस, हे तुलाच लिहिलं आहे.

मागची खोली रिकामी केली. रेघा पुसल्या, पण फरशीच्या सांध्यांतला खडू काही निघत नाही. तू आलीस की तुला दिसेलच. त्यावर चटई घालू म्हटलं तर तुझी सूनबाई नको म्हणाली. तुझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे, म्हणजे तुझ्याशी बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल.

आई, मला तू इथे हवी आहेस का, हे मी स्वतःला विचारलं. पहिलं उत्तर चांगलं आलं नाही. दुकान आता लहानच राहणार, हे आधी मनात आलं. ते लपवून तुला बोलावलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल, म्हणून लिहून टाकलं. त्यानंतरचं उत्तर असं की तू यावंस असं मला वाटतं. हे मी म्हणतो आहे. यात दुसऱ्या कोणाचं नाव घालत नाही.

बाबांच्या रीतीत आधी धाकटे बोलायचे आणि तुझी पाळी यायची तोवर सगळं ठरून गेलेलं असायचं. तुला शेवटी विचारलेलं मला आठवत नाही, आणि तू कधी तक्रार केलेलीही आठवत नाही.

या वेळी आधी तू बोल. येते म्हण, येत नाही म्हण, नुसती रागाव. तुझं उत्तर येईपर्यंत मी काही ऐकलं असं म्हणणार नाही.

लोभ मागत नाही, आई. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
थोरला