धाकटीचा पहिला घोट

डोणगावजवळ, ता. मेहकर
१२ डिसेंबर २०१७

चि. ऋत्विकले मोठ्या आजीचे आशीर्वाद.

तारीख शाहजादीनं टाकली. मले इतकंच ठाऊक का चंपाषष्ठीचं भरीत-रोडगे खाऊन झाले अन् तू आला नाही. इकडं सारे खुशाल आहेत असंही तिनंच लिवलं होतं. म्या म्हटलं, खोड ते. ती म्हणे, "मोठी माय, खाडाखोडीनं कागद वंगाळ दिसतो." दिसू दे. इकडं सारे खुशाल नाहीत.

शाहजादी म्हणजे आपल्या शेजारची, हबीब ऑटोवाल्याची बायको, तुह्या चड्ड्या शिवायची ते. बोलणार मी, लिवणार ती. मी शाळेची पायरी चढली नाही हे तुले ठाऊक आहे. तिले सांगून ठेवलं का मी बोलते तसंच लिव, सुधारू नको. दारूचं नाव आलं का ती जीभ चावते, तरी लिवते. भली बाई आहे.

फोन काऊन नाही केला म्हणशील. केला ना. तू उचलतं, "बरी आहे का" म्हणतं, हाव-हाव करतं अन् ठेवून देतं. कागदाले हाव-हाव करता येत नाही. आता बस अन् ऐक.

मले तुहा राग आला आहे.

काल भाकरी थापता थापता तुही माय संजीवनी बोलून गेली का तू पुण्याची नोकरी सोडाले निघाला. ज्या दारूनं लहान आजीचा घात केला ते दारू मी हॉटेलात लोकाइले पाजणार नाही, असं तू म्हणे बोलला. अन् गावाले यायले तोंड नाही म्हणे. वा रे राजा! तोंड नसन तं नाक घेऊन ये. तुह्यापाशी कामाचं तेच तं आहे.

तू पहिल्यांदा दोन विलायती बाटल्या आणल्या होत्या तो दिवस आठव. आम्ही दोघी एका नवऱ्याच्या बायका. मले लेकरू झालं नाही म्हणून तुह्या आज्यानं चांगुणाले, तुह्या लहान आजीले, आणलं, अन् तिच्या पोटी तुहा बाप भगवंत झाला. नवऱ्यावरून आम्ही जेवढ्या भांडलो नाही तेवढ्या तुह्या त्या दोन बाटल्याइवरून भांडलो. तू आपला मास्तरसारखा उभा राहून सांगे, "आजी, आधी नाकानं घ्या, मंग जिभेवर थांबवा. पाण्याचा एक थेंब टाका, मंग ते उघडते." चांगुणा म्हणे, "काऊन, तिले कडी आहे का?"

त्याच्या आधी आम्ही काय कमी चाखलं होतं? देशी संत्रा चाखला. नाव संत्र्याचं, पण संत्र्यानं तिचं तोंडही पाह्यलं नसन. घशातून काटेरी तार ओढल्यावाणी जाते, अन् सकाळी डोक्यात लोहार बसते. रम चाखली, ते थंडीतली, काकवीत सुंठ उगाळल्यावाणी. ब्रँडी तं भगवंत झाला तेव्हा सुईणीनं आणवली. एक चमचा बाळंतिणीले दिला, एक म्या घेतला, कारण जागरण माहं होतं. अन् चांगुणाच्या माहेरची मोहाची. सातपुड्याच्या पायथ्याहून तिचा भाऊ आणे. पहिल्या धारेची मोहाची नाकाशी नेली का फुलं वेचल्यावाणी गुळचट, गिळली का पोटात कंदील लागे. मोहाच्या पुढं काहीच नाही, असं चांगुणा म्हणे. तुही हिरवी बुटकी बाटली येईपर्यंत म्हणे.

मले बाटलीवरचं नाव वाचता येत नाही, म्हणून मी बाटल्या अंगानं ओळखते. हिरवी बुटकी लाकडाच्या बुचाची, ते चांगुणाची. पिकल्या सीताफळावाणी गोड, अन् मागून नव्या बैलगाडीच्या लाकडाचा वास. लांब मानेची ते माही. ओल्या सरपणाचा धूर, अन् धुराच्या मागं दवाखान्याची पट्टी. चांगुणानं पहिला वास घेतला तं म्हणे, "मोठ्या बाई, तुमची दारू मसणातून आणली का हो?" म्या म्हटलं, तुही तं लेकराच्या बाळगुटीतून आणली. झालं, तवापासून हे सुरूच. ते मले बाळगुटी पाजे, मी तिले धूर हुंगवो. एकीनंही आपली सोडली नाही. तू दरवेळी दोन्ही आणे, कोणाचा पक्ष घेत नसे. पुढाऱ्याच्या कामाचा आहेस.

पण एक रीत होती. ओतणार चांगुणा. दोन थेंब बोटानं भुईवर, तुह्या आज्याच्या नावानं. मंग पहिला घोट थोरलीचा, दुसरा धाकटीचा. तिची बाटली असो का माही, पहिला घोट माहा. तुहा आजा होता तवापासून आधी थोरलीच, जेवणाच्या ताटाचंही असंच. चांगुणा चिडे. "माह्या बाटलीचंही उष्टंच प्याव लागते मले." म्या म्हणो, आधी आली असती तं आधी पिली असती.

आता पुढचं. शाहजादी म्हणते, थोडं पाणी पी अन् मंग सांग. पिलं.

नवरात्र होतं. माहा नऊ दिवसाचा उपास, म्हणून मी बाटलीले शिवत नव्हती. चांगुणाले आठवडाभर पडसं होतं, नाक बंद. दिवेलागणीची वेळ, अन् लाईन गेलेली. मी तुळशीपाशी होती. ते आली अन् म्हणे, "बाई, कोनाड्यात माही हिरवी दिसली. नाक मोकळं करू का घोटभर घेऊन?" म्या हासून म्हटलं, "घे बापा. यावर्षी देवीच्या कृपेनं पहिला घोट तुहा." ते इतकी खुश झाली, तुले काय सांगू. म्हातारी बाई, पण नवी नथ भेटल्यावाणी आत गेली.

तिनं रीत सोडली नाही. दोन थेंब भुईवर टाकले. मंग प्याली.

मी निरांजन घेऊन आत आली तं भुईवर, त्या दोन थेंबापाशी, मुंग्या उलट्या पडलेल्या. म्या वर पाह्यलं. तिच्या तोंडाले फेस होता.

बाकीचं काय सांगू? हबीबनं ऑटो असा हाणला का रस्त्यातले खड्डे त्यालेच भेले. शाहजादीच्या मांडीवर तिचं डोकं होतं. डॉक्टरनं तिले वाचवलं, त्याच्या हाताले यश. पण गळा भाजला. आवाज फाटक्या सुपावाणी येते, हात कापते. जीभ तं गेलीच समज. मीठ देलं काय, गूळ देला काय, तिले सारखंच.

अन् गावानं काय म्हणाव? चांगुणाबाई दारूनं गेली होती, वाचली. म्हातारपणी शोभते का, म्हणे. महिला मंडळाच्या सत्यभामाबाईनं तं मारुतीच्या पारावर सभा भरवली अन् सांगते कशी, "चांगुणाबाईचं पाहा, दारूनं काय गत केली." मी तिथंच बसली होती. गावातलं दारूचं दुकान बंद कराव म्हणून म्या पण हात वर केला होता. ज्या बायाइले नवरे पिऊन हाणतात त्याइच्या बाजूनं मी नाही तं कोण? पण हे ऐकून मी उठली. म्हटलं, "सत्यभामा, दोन बाया दिवेलागणीले टोपणभर चाखत होत्या, कोणाच्या अंगावर गेल्या? दारूनं फेस येते तं तुहा नवरा कवाचाच साबण झाला असता." बाया हासल्या. ते रुसली. पण कोणाले खरं ऐकाचं नव्हतं. दारू म्हटलं का सारे सुटतात. ज्यानं-त्यानं तोंड पुसलं अन् घरी गेले.

बाटलीत दारू नव्हतीच, ऋत्विक. फवाऱ्याचं औषध होतं.

हे तुले कोणी सांगितलं नाही. मले ठाऊक आहे काऊन नाही सांगितलं. फोन तुह्या मायनं केला अन् ते इतकंच म्हणे का दारूतून झालं. तू पोळ्याले आणलेली तुही हिरवी बाटली तवा संदुकीत होती, बूचही काढलेलं नव्हतं. आजही तशीच आहे. कोनाड्यातली ते जुनी, सरलेली. दिसाले गोंडस म्हणून चांगुणानं धुऊन ठेवलेली. तिच्यात कोणीतरी औषध भरलं. अंधारात भरलेली दिसली, तं चांगुणाले वाटलं पोळ्याचीच कोणी संदुकीतून काढून ठेवली.

मले सांग, हे फवाऱ्याचं औषध माह्या घरात काऊन आलं? बीटी कपाशीच्या बियाचं पाकीट आणलं तवा दुकानदार काय म्हणे, मी तिथं होती. म्हणे, "आजी, याले फवारा लागत नाही, औषध बियातच आहे." औषध बियात होतं ना बापा? मंग माह्या बाटलीत कसं आलं? पहिली काही वरसं बरी गेली, नाही म्हणत नाही. मंग एक फवारा, मंग दोन, अन् यंदा तं मोजणंच सोडलं. इतकं फवारूनही बोंड फोडलं तं आत गुलाबी अळी, नवरीवाणी नटून बसलेली. तिले औषधाचं काही नाही झालं. चांगुणाले झालं. अळीवर कोणी सभा घेत नाही. पाकिटावर कोणी सभा घेत नाही. सभा म्हातारीवर.

आता शाहजादीनं पेन थांबवला. मले विचारते, "मोठी माय, कोणीतरी भरलं, असंच राहू देऊ?"

म्या म्हटलं, राहू दे. "कोणीतरी"च लिव.

ओसरीवर तुहा बाप चऱ्हाट वळत बसला होता. मघापासून एकच पीळ घालून राह्यला अन् उकलून राह्यला, म्या पाह्यलं होतं. तो तिथूनच बोलला, "शाहजादी, नाव लिव."

म्या म्हटलं, "भगवंत, तू आपलं काम कर."

तो उठून दारात आला. नवरात्रापासून तो माह्याशी सरळ दोन शब्द बोलला नाही, जेवतो तं भिंतीकडं तोंड करून. म्हणे, "मोठी माय, तू मले झाकून राह्यली. संजीवनीनंही झाकलं. गाव मायले दारुडी म्हणून राह्यलं अन् मी आयकून घेतो. लिव शाहजादी. मोठा डबा शेजारच्या वावरवाल्यासंगं अर्धा-अर्धा केला. माह्या वाट्याचं आणाले भांडं नव्हतं. ते बाटली दिसली, तिच्यात भरलं. घरी आणलं अन् शेजारपाजारच्या लेकराच्या हाताले लागू नये म्हणून वर कोनाड्यात ठेवलं. म्हाताऱ्या मायचा हात कुठं जातो, हे ध्यानातच नाही आलं."

मंग म्हणे, "त्याले लिव, बाटली तुही होती, जहर माहं होतं. नोकरी सोडू नको."

शाहजादी लिवता लिवता डोळे पुसून राह्यली. कागदावर डाग दिसन तं तो तिचा. माहा नाही. मी तं रागावली आहे.

मले भगवंतचा राग नाही का? आहे. त्याले म्या तवाच म्हटलं, असा कसा गाढवा तू. पण साऱ्या गावात तेच करून राह्यले. कोणाच्या घरी शरबताच्या बाटलीत औषध, कोणाच्या घरी तेलाच्या. ज्याच्या हातून झालं तो भगवंत, इतकंच. अन् तू पुण्यात बसून सारं आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला, जसा काही तूच घरचा कर्ता. बापाच्या वाट्याचं बापाले घेऊ दे. तो घ्याले तयार आहे, तू पाह्यलं ना आता.

आता एकच सांगाचं राह्यलं. परवा दुपारी म्या संदुकीतून तुही पोळ्याची बाटली काढली. भेत होती. तिले हिरवं पाहूनच कापरं भरन असं वाटे. पण म्हटलं, पाहू तं. बूच काढलं अन् चांगुणाच्या नाकाशी नेलं. पडसं कवाचंच गेलं आहे. तिनं डोळे मिटले, लांब वास घेतला, तू शिकवला तसा. मंग त्या फाटक्या आवाजात म्हणे, "सीताफळ." मंग म्हणे, "ऋत्विक कवा येते?"

जीभ गेली, पण नाक शाबूत आहे रे. तुहंच नाक आहे ते, तिच्याकडून तुह्याकडं आलं. अन् तू ते हॉटेल सोडून कुठं चिंचोक्याच्या दुकानात बसवणार?

बूच म्या परत लावलं. मी प्याली नाही. नवरात्रात मी म्हटलं होतं का पहिला घोट तुहा, अन् तिले जो भेटला तो घोट नव्हता. तो मोजाचा नाही. आता रीत बदलली, थोरलीनंच बदलली, त्यात कोणाले विचाराचं नाही. डॉक्टरनं तिले दारू मना केली आहे, म्हणून तू ओतशील, दोन थेंब आज्याच्या नावानं टाकशील, मंग वाटी तिच्या नाकाशी धरशील. तिनं हुंगलं का तो पहिला घोट झाला. माहा त्याच्या मागून. सत्यभामालेही बोलावू म्हणते, पाहू दे तिले.

संक्रांतीआधी ये. माह्यासाठी लांब मानेची आणली नाही तरी चालन. यावेळी मी बाळगुटीच पिणार आहे.

शाहजादी विचारते, खाली काय लिहू. नाव तं लिव, अन् अंगठा मी उठवते. पण त्याच्या वरती लिव:

दुसऱ्या घोटाची वाट पाहत बसलेली,
तुही मोठी आजी
जनकाबाई