एबेनेझरच्या घरातल्या वस्तूंची यादी

१८ जानेवारी २००९, रविवार

त्रेचाळीस पानं! विहीणबाईंनी अमेरिकेतून ई-मेलनं त्रेचाळीस पानं धाडली आहेत. वर गोड चिठ्ठी — कुंडा, तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, जुनं वळणदार इंग्रजी अक्षर तुला वाचता येईल म्हणे. येतं. नन्सनी बोटांवर पट्ट्या मारून शिकवलंय. पण मी कुंदा आहे, कुंडा नाही! दहा वर्षांत विहिणीचं नाव धड घेता आलं नाही आणि निघाल्या वंशावळ लिहायला.

कुणी एक एबेनेझर. तिथे इंग्रजांचं राज्य असताना, १७४१ साली, कनेक्टिकटमध्ये वारला. आमचे जावई त्याच्या नवव्या पिढीतले वंशज. आता नात ईराचं नावही ‘आद्य घराण्यांच्या’ मंडळात घालायचं, म्हणून हे कागद मी वाचून स्वच्छ उतरवून द्यायचे.

मी म्हटलं, मी रिटायर झालेली बाई आहे, कुणाची कारकून नाही. मैथिली म्हणाली, ‘आई, प्लीज. त्यांच्याच घरी जाऊन राहायचंय आम्हाला.’

जावयाची नोकरी जाऊन सोळा दिवस झाले. खिडकीतून मरीनावरच्या बांधकामाच्या सहा क्रेन दिसतात, एक हलत नाही; मंदीनं सगळं आखात थांबलंय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घर सोडायचं — ती तिघं अमेरिकेला, मी पुण्याला.

२० जानेवारी

एबेनेझरच्या थोरल्या मुलीचं नाव सायलेन्स! आमच्या वर्गात असती तर सिस्टरनी दिवसातून चाळीस वेळा हाक मारली असती. ईराला सांगितलं तर म्हणते, ‘आजी, दॅट्स सो मीन.’ हसली मात्र खूप.

२२ जानेवारी

मैथिलीनं माझ्याकडून घरसामानाची यादी लिहून घेतली, खालच्या सुपरमार्केटच्या बोर्डावर लावायला. ‘तुझं अक्षर बघूनच लोक येतील, आई.’ फ्रिज, सोफा, कपाटं, ईराचा झोपाळा. हाफिजाचंही त्यातच घातलं — स्वयंपाक उत्तम, मुलांची सवय. सहा वर्षं आहे आमच्याकडे. तिलाही दुसरं घर बघायलाच हवं ना. अर्ध्या तासात यादी लिहून खलास.

२५ जानेवारी, रविवार

संताप!

आज एबेनेझर मेल्यावर केलेली घरातल्या वस्तूंची यादी लागली. दोन पितळी किटल्या. मग — फिलिस नावाची काळी मुलगी, वय सुमारे चौदा. मग एक लाल गाय. तिघींपुढे किंमत. गाईची कमी, एवढाच काय तो मान!

मृत्युपत्रात फिलिस सायलेन्सच्या वाट्याला आली. पुढच्या पानांत तिचं नाव नाही. तीनदा पाहिलं. कुठून आली, आई कोण, पुढे काय झालं — काही नाही. गाईला वासरू झालं तेवढं मात्र लिहून ठेवलंय.

विहीणबाईंना लिहिलं: तुमच्या मंडळाला पुरावे हवेत ना? हाही घाला. पहिल्या पानावर.

२७ जानेवारी

उत्तर आलं. ‘डिअर कुंडा, काळ वेगळा होता. तेव्हा सगळेच ठेवत.’

सगळेच! वर्गात हे उत्तर दिलं असतं तर पट्टी मोडली असती.

३० जानेवारी, शुक्रवार

यादी वाचून अजमानहून अजरा नावाची बाई आली. फ्रिज उघडून वास घेतला. झोपाळा हलवला. मैथिलीला विचारलं, ‘फ्रिज कितने साल पुराना? और ये कब से है आपके पास?’ हाफिजा चहा घेऊन समोर उभी. फ्रिज चारशे दिरहमला ठरला. उठताना म्हणाली, ‘यल्ला, चलो, अगले शुक्रवार को गाड़ी भेजूँगी. दोनों साथ में आ जाएँगे. पासपोर्ट सीधा मेरे हाथ में देना.’

ती गेल्यावर मी हाफिजाला म्हटलं, ‘लोग अच्छे दिखते हैं. जाएगी ना?’

ती कप उचलत होती. ‘मेरे कू कौन पूछा, अम्मा? फ्रिज कू पूछे क्या?’

तीच पुढे म्हणाली, ‘ईरा बेबी वो लिस्ट पढ़ के सुनाई. मैं सोफे के बाद, झूले के पहले.’

मग विचारलं. आता! तर म्हणाली, हैदराबादला जायचंय. मुलीला मूल झालं, दीड वर्षाचं आहे, अजून पाहिलेलं नाही. एबेनेझरच्या पणतवंडांची नावं मला तोंडपाठ आहेत. हाफिजाच्या मुलीचं नाव आज कळलं — शहनाझ.

३१ जानेवारी

खाली जाऊन बोर्ड पाहिला. समास सरळ, एक खाडाखोड नाही. सिस्टरनी शाबासकी दिली असती. कागद फाडून पर्समध्ये टाकला. जणू त्यानं काही होतं.

वर येऊन मैथिलीशी भांडले. म्हटलं, तिला हैदराबादला जायचंय, पासपोर्ट तिचा, तिच्या हातात पडला पाहिजे. ‘आई, इथे सगळेच ठेवतात! मी अजराला शब्द दिलाय. तिनं व्हिसाचंही बघितलंय.’ मी म्हटलं, हे तुझ्या सासूचं वाक्य झालं. तशी माझ्याकडे वळली. ‘तू बोलतेस हे? तू?’

मी बाल्कनीत जाऊन बसले.

२ फेब्रुवारी

विहीणबाईंचा मेल — उरलेली पानं कधी?



४ फेब्रुवारी

आज कपाट उघडून पासपोर्ट हाफिजाला दिला. तिनं आधी ओढणीला हात पुसले, मग घेतला. मैथिलीला विचारलं नाही. विचारायचं काय? कपाटाची किल्ली सहा वर्षं माझ्याच जुडग्यात आहे. ‘काढून ठेव गं, या बायका पळतात’ — ती आली त्या दिवशी हे मीच म्हटलं होतं.