पुन्हा नवं गाव

४ मार्च, दुपार
बाबीचा टॅब कपाटात पडून होता. वापरली नाही की वस्तू बिघडते, म्हणून चार्ज करून उघडला. आत तिचा गाव वसवायचा गेम. पाच मिनिटं पाहिला. खेळायचा म्हणून नव्हे.
बाबी, आमची एकुलती लेक, रुसून भाड्याच्या खोलीत राहायला गेली आहे. तिच्या मैत्रिणी बसलेल्या असताना मी पंखा बंद केला, एवढंच निमित्त. हवा गार होती की! पंख्यावरून कोणी घर सोडतं? येईल आठवडाभरात.

७ मार्च
गेम समजला. मॅट्रिकपर्यंतचं गणित वाया गेलं नाही. नदीकाठी झोपड्या, विहीर, शेतं, कोठार. मग पूर, वणवा, साथ. काय कधी येईल नेम नाही. गाव बुडालं की बुडालं, मागे फिरणं नाही. मात्र जाताना एक देणगी निवडायची, ती पुढच्या गावाला मिळते. नवी नदी, नवी माणसं, आपण मागच्यापेक्षा थोडे शहाणे. देवाने जन्मांची व्यवस्था अशीच लावली आहे. तेव्हा याला खेळ म्हणणं बरोबर नाही. चिंतन आहे.
पहिलं गाव वणव्यात गेलं. देणगी घेतली: मोठं कोठार.

८ मार्च
बाबीला फोन. पंख्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं होतं. नाहीच काढला. खोलीचं लाइटबिल कोण भरतं, एवढंच विचारलं. आई, मी कामात आहे, म्हणाली.
असो. पहिलाच डाव होता. पुढच्या वेळी बिलसुद्धा नाही.

१३ मार्च
जप झाल्यावर एकच गाव, असा नियम केला. दोन झाली. हे ऑफिसातून आल्या आल्या विचारतात, आज कोणतं गाव बुडवलं महाराणींनी? मी लक्ष देत नाही.
आज पूर टळला, साथ टळली, कोठार गच्च. तरी माणसं गाठोडी घेऊन वेशीबाहेर चालू लागली! वर पाटी: लोक उदास आहेत, मेजवानी द्या. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर मेजवानी! कृतघ्न मेले. कोणासाठी साठवत होते मी? शेवटी एक म्हातारी उरली आणि कोठार.
देणगी: त्याहून मोठं कोठार.

१९ मार्च
फोन. पंखा नाही, बिल नाही, आवाज साखरेसारखा. खोलीवर कोण कोण येतं, किती वाजता जातं, एवढं काळजीपोटी विचारलं. ती म्हणाली, आई, तू नको फोन करत जाऊस, मीच करत जाईन.
मला त्रास नको म्हणून. मन मोठं आहे पोरीचं. माझ्यावर गेली आहे.

२ एप्रिल
फोन नाही. कामात असेल. दूध उतू गेलं. नेमका तेव्हाच गावात दरोडा पडला होता. हे म्हणाले, अगं, एकदा चुकलं म्हण आणि मिटव. आईने लेकीपुढे चुकलं म्हणायचं? आधी चुकायला तरी हवं ना.
उद्यापासून गेम बंद.

३ एप्रिल
बंद करण्याआधी शेवटचं एक गाव. या वेळी मेजवानी दिली. अर्धी. तरी लोक गेलेच. बघा, म्हणजे मेजवानीचा काही संबंध नव्हता.

११ एप्रिल
बाबीचा फोन!! रविवारी येते म्हणाली. ह्यांना सांगितलं, बघा, उतरला रुसवा. तिची गादी उन्हात घातली. देवापुढे जास्तीची वात लावली, तेलाकडे पाहिलं नाही. काही विचारायचं नाही, काही मोजायचं नाही. या डावात सगळं नवं.

१४ एप्रिल, रविवार
बाबी आली. टेम्पो घेऊन आली. टेबल नेलं, पुस्तकं नेली, ऊन दाखवलेली गादी नेली. टेम्पोवाला म्हणाला, काकू, दार धरा जरा. धरलं. टॅब पुढे केला तर म्हणाली, राहू दे तुला, मी आता नाही खेळत.
भांडण झालं नाही. चुकूनसुद्धा नाही. किती समंजस झाली आहे! प्रत्येक वस्तूला विचारत होती, हे नेऊ ना, ते नेऊ ना.
निघताना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. म्हणाली, आई, थोडं पाणी घेऊ का?
या घरात तिने पाणी कधी विचारून घेतलं नव्हतं.
घे ना, म्हणायचं होतं मला. पण मीच पेला भरला, आणि ताटलीत ठेवून तिच्यापुढे धरला.