लाल शेपटीची पिल्लं

४ एप्रिल
‘माती म्हणू नकोस गं, आत माणसं झोपलीयत!’ – बावीस वर्षांपूर्वी मासे पाळायला शिकवताना हाब्बोकाका म्हणाले होते, पिशवी माझ्या तळहातावर ठेवून. आज त्यांची शेवटची पिशवी मी उघडली. दलदलीतली तपकिरी माती, तंबाखूइतकी ओलसर. चिठ्ठीवर त्यांचं थरथरतं अक्षर : १९ ऑक्टोबर. साडेपाच महिने ही माशांची अंडी पाण्याविना पडून आहेत. भिंगाखाली धरली – प्रत्येकात दोन सोनेरी डोळे! जागी आहेत, वाट बघताहेत.

गार पाणी ओतलं. दुकानात पोचायला पंधरा मिनिटं उशीर झाला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे ठेवून विचारत होते, ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ आणि जीव सगळा घरी, त्या पसरट भांड्यात.

संध्याकाळी पिल्लं मोजली. सत्तावीस!

५ एप्रिल
एक्केचाळीस. चौघं मात्र तळाशीच फरपटतात, वर उठत नाहीत. काका असली पिल्लं लगेच काढून टाकत. मी वाटीत वेगळी ठेवली. वेडेपणा आहे, कळतं.

८ एप्रिल
वाटीतली चारही गेली. उरली सदतीस.

दिवसातून तीनदा भरवायचं. मिठाच्या पाण्यात आर्टेमिया या इवल्या कोळंबीची अंडी फुगवायची, त्यातून निघालेले ठिपक्याएवढे जीव गाळून द्यायचे. खाल्लं की पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. नारिंगी पोट म्हणजे जेवलं लेकरू – सोपा हिशेब.

दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी जाते, तर दुकानातली वीप्के म्हणते, ‘कोणाला लपवून ठेवलंयस गं घरात? तुझ्या वयाला झेपेल का?’ म्हटलं, ‘सदतीस जण आहेत, अजून तरी झेपताहेत.’

१२ एप्रिल, रविवार
काकांकडे, वृद्धाश्रमात. पहिला कप होईपर्यंत ते काही बोलत नाहीत. खडीसाखर चहात तडकते ती ऐकायची, साय ढवळायची नाही, ही इकडची रीत. मग : ‘बोल. किती?’

‘सदतीस.’

‘गेल्या वर्षी शेवटी एकच जोडी उरली होती माझ्याकडे. त्यातून सदतीस! बघ.’ डोळे पुसले त्यांनी. मग डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला दिलेल्या थेंबांना शिव्या.

जेमतेम वर्षभर जगणाऱ्या माशांचा हा वाण त्यांच्या मित्रानं आफ्रिकेतल्या एका डबक्यातून आणला होता. त्या जागी आता पेट्रोलपंप आहे. निखळ लाल शेपटीचे हे मासे फक्त काकांच्या तळघरात जगले – आणि नदीपलीकडे वेनरला, त्यांच्या आधीच्या बायकोकडे, थेडाकडे. घटस्फोट घेताना दोघांनी बाकी कशावरून भांडण केलं नाही, पिशव्यांवरून केलं. शेवटी अर्ध्या-अर्ध्या वाटल्या. एकोणीस वर्षं झाली. काका तिचं नाव घेत नाहीत. ‘त्या बाईकडून मी मीठसुद्धा घेणार नाही,’ एवढंच. मी काकांच्या बाजूला राहिले म्हणून थेडा मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या सभेत सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, ‘जा, त्याचाच चहा पीत बस. माझ्या दाराशी यायचं नाही.’

निघताना काकांनी खिडकीतली रिकामी टाकी दाखवली. वीस लिटरची. परवानगीसाठी सहा अर्ज केले होते.

‘मे संपायच्या आत एक जोडी आण, पोरी. मला आता दुसरं काही नको.’

२१ एप्रिल
काल रात्री पिल्लांच्या अंगांवर सोनेरी धूळ दिसली! रोग. पाण्यात मीठ टाकलं, टाकीवर पांघरूण घालून अंधार केला. सकाळपर्यंत नऊ गेली.

२२ एप्रिल
आणखी तीन. आज दुकानात गेले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं.

२५ एप्रिल
थांबलं. पंचवीस. सगळी पोटं नारिंगी. मी स्वयंपाकघरात उभ्यानं शिळा पाव खाल्ला आणि रडले. इतकं रडण्यासारखं काय होतं?

९ मे
रंग! एकाच्या शेपटीवर लाल झाक आली. पाच आठवड्यांचा आहे आणि लगेच मालक झाला – दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो. काकांना फोन केला. ‘गुंड आहे ना? मग नर,’ म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

१३ मे
लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

लाल शेपटीच्या कडेनं निळी रेघ आहे. आधी वाटलं दिव्याचा खेळ. टाकी खिडकीपाशी ओढली. आठ नर ओळखू येतात, आठही जणांना रेघ आहे.

काकांकडे शेजारच्या टाकीत दुसऱ्या डबक्यातला वाण होता. त्याच्या शेपटीला निळा काठ असतो. नर लांबूनही वेगळे कळतात. माद्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच, राखाडी. चुकीची मादी नरापाशी गेली असणार. म्हणजे पंचवीसच्या पंचवीस मिसळ. मिसळ वाण मंडळात कोणी कोणाला देत नाही. नोंदवहीत त्या नावावर रेघ मारतात, झालं.

बिचारे काका. ऑक्टोबरअखेर मीच त्यांचे डोळे तपासले होते. उजव्यानं वरची मोठी अक्षरंसुद्धा दिसत नव्हती. अशा डोळ्यांनी त्यांनी जाळीत मादी धरली असेल! पस्तीस वर्षं जपलं आणि शेवटी स्वतःच्याच हातानं...

त्यांना कळता कामा नये.

१७ मे, रविवार
मोबाईलवर फोटो दाखवला. काकांनी तो डाव्या डोळ्याला अगदी चिकटवला.

‘कडेला निळं काय गं?’

‘काचेची चमक आहे.’

मग फोटो परत देत, ‘छान आहेत. फार छान आहेत.’ चहा आणणाऱ्या मुलीला सांगत होते, माझी नातवंडं बघ. ती म्हणाली, ‘आजोबा, नाक तुमच्यावर गेलंय.’ सगळे हसलो. ते जरा कमीच हसले.

दुसरा कप घेतला नाही त्यांनी. पोट बरं नसेल.

येताना नदीवरून वारा पाठीशी होता. कोणाला तरी दुःखातून वाचवलं, असं वाटत होतं. मी स्वतःला इतकी चांगली कधीच वाटले नव्हते.

२३ मे
काकांच्या टाक्यांत मीठ किती घालत होते ते बघायला याच वहीतली गेल्या ऑक्टोबरची पानं काढली. काका हॉस्पिटलात होते, बारा दिवस. तळघर माझ्याकडे होतं.

‘९ ऑक्टोबर. नरानं मादीला पळवून पळवून दमवलं. पंख फाटलेत. शेजारच्या टाकीत हलवली, राहू दे एक रात्र.’

‘१० ऑक्टोबर. काय सुधारणा! पंखसुद्धा भरून आले! परत नरापाशी सोडली.’

एका रात्रीत फाटलेले पंख भरतात?

उद्गारचिन्ह घालून लिहिलंय मी. दोनदा. काका एकोणीसला घरी आले, माझ्यावर विसंबून माती पिळली, पिशवीत भरली, तारीख घातली. तेवढंच त्यांनी केलं.

लोकांना रोज विचारते, हे स्पष्ट दिसतं की ते.

२४ मे, रविवार
सगळं सांगितलं. निळ्या रेघेचं, काचेच्या चमकेचं, पंखांचं.

काका खिडकीकडे बघत होते. टाकी भरून ठेवली होती त्यांनी, पाणी मुरायला.

‘निळं मला दिसलं होतं, पोरी.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘वाटलं, मीच केलं. आणि तू मला सांभाळून घेतेयस. म्हटलं, घेऊ दे. तुझा तेवढाच आनंद.’

आठवडाभर झोप नव्हती त्यांना. मी बरं वाटून घेत होते तो आठवडा.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. एकदाच म्हणाले, ‘पंख भरले म्हणे! गाढव कुठली.’ मग माझा कप भरला. अर्धा चहा बशीत गेला.

ही पंचवीस माझ्याकडेच राहतील, उन्हाळाभर. त्यांचा काय दोष.

‘टाकी रिकामी करून टाकू?’ मी विचारलं.

‘राहू दे. पाणी बघायला बरं असतं.’

२५ मे
थेडाला पत्र टाकलं. काकांना विचारलं नाही. चार ओळींचं पत्र, तीनदा फाडून लिहिलं. एकोणीस वर्षांनी ‘थेडाकाकू’ असं लिहिलं आणि ते खोडलं नाही.

उत्तर मला माहीत आहे. बहुधा उत्तर येणारच नाही. तरी लिहिलं : चूक माझी आहे, त्यांची नाही. तुमच्याकडची एक पिशवी द्याल का? मला नको. तुम्ही स्वतः नदी ओलांडून याल आणि ती त्यांच्या हातात ठेवाल का?