मॉनिटरचं माप

बाबा, तुम्ही घेऊन दिलेला मॉनिटर भंगारात गेला नाही, हे आधी सांगते. पिपरी मेघेच्या घरात खिडकीखाली तो अजून आहे, आणि हे त्याच्यावरच लिहिते आहे. जुना सीपीयू बंद पडला म्हणून मागच्या आठवड्यात नवा छोटा डबा आणला, त्यात लिनक्स घातलं. मॉनिटर जोडला तर अक्षरं आडवी फुगलेली. रिझोल्युशन बदलायला गेले, तर ह्या मॉनिटरला लागणारं यादीतच नाही. पडद्यावर तुमचा फोटो असतो. त्यात तुम्ही, काडीसारखा माणूस, एखाद्या शेठसारखे गुबगुबीत दिसत होता. लेक हसून हसून बेजार. "आई, भंगारवाल्याले देऊन टाक न हे. काऊन एवढा जीव लावून राह्यली?" मी म्हटलं, आबाजींनी दिलेलं आहे. "आबाजी तं ओळखू बी नाई येऊन राह्यले," ती म्हणाली. ते मात्र लागलं.

दोन दिवस शोधून वाचलं. जुनी वायर नव्या डब्याला बसावी म्हणून मध्ये जो जोड लावला, त्यातून मॉनिटरचं माप कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नव्हतं. मग त्यानं अंदाजानं, कुणालाही चालेल असं एक माप धरलं. म्हणजे खरं माप आपणच सांगायचं: चौदाशे चाळीस आडवं, नऊशे उभं. त्यावरून आकड्यांची एक लांब ओळ काढायची, ती नोंदवायची, ह्या मॉनिटरच्या नावावर चढवायची, लागू करायची. पहिल्यांदा एक आकडा चुकला आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, गेला. बटण दाबून पुन्हा सुरू केलं, एकेक आकडा बोट ठेवून तपासला. पडदा लुकलुकला आणि तुम्ही बारीक झालात. मी एकटीच हसले. सकाळी मशीन लावते, तर पुन्हा शेठ; रात्री बंद केल्याबरोबर सांगितलेलं माप ते विसरलं होतं.

तेव्हा देवळीचं आपलं शिलाईचं दुकान आठवलं. बायकांचं माप तुम्ही घेत नव्हता. कापडी पडद्यामागे मी टेप लावते, आकडे ओरडून सांगते, तुम्ही वहीत लिहिता. एक दिवस तुम्ही जेवायला गेला होता. परत आल्यावर शाळेतल्या बाईंच्या ब्लाउजचं माप मी तोंडी सांगितलं, आणि शिवलेली बाही त्यांच्या दंडात चढेना. "चूक माही झाली, बाई," तुम्ही म्हणालात. त्या गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "माप डोक्यात नाई ठेवाचं, पोरी. झोपलं का डोकं रिकामं होते. वहीत लिह्यजो."

मग मी त्या ओळी एका फाइलमध्ये लिहिल्या, मशीन सुरू झालं की आपोआप वाचल्या जातील अशा. तीनदा बंद करून लावलं. तिन्ही वेळा तुम्ही बारीकच. लेक मागून डोकावली. "हां, आता वाटून राह्यले आबाजी."

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी माप विसरले नव्हते, बाबा. मैत्रीण बाहेर हाका मारत होती, म्हणून मी टेप लावलीच नाही. बाईंकडे बघून अंदाजानं आकडे सांगितले. मी विसरले असं तुम्ही धरलंत, आणि मी धरू दिलं. ह्या डब्याला निदान माप कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तर गळ्यात टेप होती.